असली तर उत्तम, नसली तरी चालेल

वेबपानासाठी तक्ते, कॅलेंडर, फॉर्म असे तयार घटक पुरवणारी जावा लायब्ररी स्वतः इतर लायब्रऱ्यांवर विसंबून असते. काहींवाचून तिचे काहीच चालत नाही, तर काही एखाद्याच सोयीपुरत्या लागतात. प्राइमफेसेस या अशाच लायब्ररीमधला तक्ता एक्सेलमध्ये उतरवायला अपाची पीओआय हवी, पण ज्याला ते करायचेच नाही त्याच्यावर ती का लादावी? मेव्हन या बांधणीच्या साधनात अशा लायब्ररीवर ‘ऑप्शनल’ म्हणजे ऐच्छिक ही खूण केली की बांधणीच्या वेळी ती मिळते, वापरणाऱ्याच्या प्रकल्पात मात्र आपोआप शिरत नाही.

अडचण पुढे येते. लायब्ररी कोणत्या सर्व्हरवर चालेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.  

जावा सहसा गरज पडेल तेव्हाच क्लास लोड करते. त्यामुळे ऐच्छिक लायब्ररीची जार फाइल नाही हे सुरुवातीला कळत नाही. कोणी बटण दाबले की ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतो. कधी उलट घडते. एखाद्या मेथडच्या घोषणेत ऐच्छिक क्लासचे नाव असेल, तर ऑब्जेक्ट आपोआप जोडून देणारी सीडीआयसारखी यंत्रणा नुसती पाहणी करतानाच अडखळू शकते, मग ती मेथड कोणी वापरो न वापरो. ॲनोटेशनचा क्लास नसेल तर मात्र जावा कुरकुर न करता ते सोडून देते, आणि हे अधिक घातक, कारण चूक दिसतच नाही.

म्हणून ऐच्छिक एपीआयला हात लावणारा सगळा कोड एका वेगळ्या क्लासमध्ये कोंडावा, उरलेल्या लायब्ररीने त्याच्याशी इंटरफेसमधूनच बोलावे. एपीआय आहे की नाही, हे क्लासच्या नावावरून एकदाच तपासावे. पण नावेही बदलतात. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये जुन्या जावा ईईची ‘जावाएक्स’ पॅकेजेस ‘जकार्ता’ झाली. जुने नाव शोधणाऱ्या लायब्ररीला टॉमकॅट १० या सर्व्हरवर ‘नाही’ असेच उत्तर मिळते आणि सोय मुकाट बंद पडते. कोणती जार, कोणती आवृत्ती हवी, हे सांगणारा स्पष्ट संदेश इथे लाखमोलाचा ठरतो. चाचण्याही दोनदा चालवाव्यात: एकदा ती जार ठेवून, एकदा काढून.

काही वेळा ऐच्छिकपणाच सोडावा लागतो. ऑम्निफेसेस या लायब्ररीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सीडीआय ऐच्छिक होते. आवृत्ती २ पासून ते अनिवार्य झाले. टॉमकॅटमध्ये ते मुळात नसल्याने तिथल्या प्रकल्पांना वेल्डसारखी सीडीआयची जार स्वतः जोडावी लागते.