एचएलए जनुकांची विविधता आणि औषधाचे सात्म्य

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात प्रकृतीचा विचार जाती, कुल, देश, काल, वय व प्रत्यात्मनियतता या अंगांनी केला आहे. रुग्णपत्रकात आपण ‘वातपित्त’ एवढे लिहून थांबतो. कुल व देश यांचे रकाने बहुधा कोरेच राहतात.

सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एचएलए जनुकांचा समूह असतो. प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी-पेशींना दाखविणे हे या जनुकांपासून बनणाऱ्या रेणूंचे कार्य. येथील विविधता अपार असून ती लोकसमूहागणिक बदलते. अमेरिकेतील अल्पसंख्य वंशगटांना याची झळ बसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मूलपेशी-रोपणासाठी पूर्ण जुळणारा दाता नोंदणीत उपलब्ध असण्याची शक्यता युरोपीय वंशाच्या रुग्णास ७५ टक्के, आफ्रिकी-अमेरिकी रुग्णास १९ टक्के, तर तेथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई रुग्णास ३३ टक्के होती.

औषधांच्या बाबतीतही हेच. कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन विकार झालेल्या तैवानमधील ४४ हान चिनी रुग्णांपैकी सर्वांमध्ये एचएलए-बी १५:०२ आढळले (२००४). औषध सोसलेल्या १०१ जणांत केवळ तिघांमध्ये. युरोपीय वंशात हा प्रकार अतिविरळ, म्हणून तेथील रुग्णांत हा संबंध दिसणे कठीणच होते. २००९ च्या भारतीय अभ्यासात अशा ८ रुग्णांपैकी ६ जणांत तो आढळला.

आता आपल्या औषधालयाकडे वळू. अमेरिकेत हरिद्रायुक्त उत्पादनांनंतर यकृतविकार झालेल्या १० रुग्णांचा वृत्तांत २०२२ साली आला. पैकी ७ जण एचएलए-बी ३५:०१ चे वाहक होते आणि एकाचा मृत्यू झाला. काही उत्पादनांत पिपेरिनही होते. दहापैकी नऊ रुग्ण गौरवर्णीय होते. आपल्या लोकांत हे प्रमाण काय राहील, हे त्यावरून ठरविता येणार नाही. वाहकांपैकी बहुसंख्यांना अपाय होत नाही, हेही खरे. परंतु ‘हळद ती, तिने काय होणार?’ हे उत्तर वैद्याला शोभत नाही. स्वयंपाकातील हरिद्रा आणि पिपेरिनयुक्त संहत अर्क यांची मात्रा व शोषण एक नव्हे.

पुण्यातील संशोधकांनी २००५ साली ७६ व्यक्तींमध्ये प्रकृती व एचएलए-डीआरबी१ यांचा संबंध दाखविला. प्रयत्न स्तुत्य, परंतु एवढ्या लहान संख्येवरून नाडी पाहून जनुक सांगता येते असे कोणी मानू नये.

तूर्त एवढे करता येईल : रुग्णास व त्याच्या रक्ताच्या नातलगांस कोणत्या औषधाने अंगावर पुरळ वा कावीळ झाली होती काय, हे विचारून नोंदवावे, अर्कयुक्त गोळ्यांच्या वेष्टनावर कर्क्युमिन व पिपेरिन यांचे प्रमाण छापावे, आणि अरुची, मूत्रपीतता वा कंडू दिसताच औषध थांबवून यकृताची तपासणी करावी.