बेवारस आज्ञावलींना वाली कोण?

उत्रोलीच्या एखाद्या शाळेत भूगोलाची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार होत आहे, अशी कल्पना करू. लिहायचे होते ‘सह्याद्रीतील दऱ्या’. उमटले ‘दर्या’, म्हणजे समुद्र! कळा बरोबर दाबल्या असतील, तर दोष फाँटचा असू शकतो. जोडाक्षर कोणत्या रूपात दाखवायचे, याचे नियम फाँटमध्येच लिहिलेले असतात. हिंदीत ‘ऱ्य’ नाही. म्हणून ही चूक मराठी वाचकालाच खटकणार. पण ती दुरुस्त कोणी करायची?

‘लोहित’ हा फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीने पुरवला आणि रेड हॅटने २००४ मध्ये तो सर्वांना खुला केला. अशा मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. त्यामुळे मूळ कर्ता थांबला तरी काम दुसऱ्याला पुढे नेता येते. मात्र परवानगी असणे वेगळे आणि माणूस मिळणे वेगळे. नोकरी, संसार, आजारपण यांत कर्ता गुंततो. भोवतालच्या संगणकप्रणाली बदलत राहतात आणि न बदललेली आज्ञावली हळूहळू निकामी होते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या प्रकल्पाने यावर एक साधा उपाय केला आहे. सांभाळणाऱ्याला जमेनासे झाले, की तो आपली आज्ञावली ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो. तिचे नाव जाहीर यादीत लागते आणि इच्छुक स्वयंसेवक ती दत्तक घेतो. ‘मला मदत हवी’ एवढेच कळवण्याचीही सोय आहे.

पण येईल त्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात काय? माहिती आकसून साठवणारी ‘एक्सझेड’ ही आज्ञावली अनेक वर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. ‘जिया टान’ या नावाने कोणीतरी सुमारे दोन वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि तिच्यात चोरदरवाजा ठेवला. संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला मार्च २०२४ मध्ये तो सापडला. म्हणून आरंभ छोट्या कामांपासून व्हावा, बदल दुसऱ्याने तपासावेत आणि जबाबदारी एकट्यावर नसावी.

छोटे काम शाळेतही करता येते. चुकलेला शब्द, फाँटचे नाव व आवृत्ती, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे विद्यार्थ्यांनी नेमके टिपून सांभाळणाऱ्याला कळवावे. प्रयोगवहीची सवय येथेही उपयोगी पडते. अशा नोंदी करणाऱ्यांतूनच उद्याचा सांभाळणारा मिळू शकेल.