नऊ कोटी फेऱ्यांचा देह

झाशीपासून साठेक किलोमीटरवर, सुखनई नदीच्या काठी मऊरानीपुर आहे. नेवाळकरांच्या झाशीमुळे हा मुलूख आपल्याला परका नाही. मऊची स्वतःची ओळख मात्र कापडाची. खारुआ हे लाल, जाडंभरडं सुती कापड इथलं. पुढे शेजारच्या रानीपुरचं टेरिकॉट गाजलं.

हातमागाचा साधा हिशेब मांडू. इंचाला 50 आडवे धागे धरले, तर मीटरभर कापडासाठी धोटा जवळपास 2000 वेळा धावतो. दिवसाला 5 मीटर म्हणजे 10,000 फेऱ्या. वर्षाचे 300 दिवस धरले तर 30 लाख, आणि तीस वर्षांत 9 कोटी! दर फेरीला हाताचा हिसका, फणीचा ठोका, पायाचा दाब.

एवढ्या माऱ्याने हाडं झिजून जातील असं वाटतं. पण भार पेलणारं हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवत राहतं, हे युलियुस वोल्फ यांनी 1892 मध्येच मांडलं होतं. आपल्या सांगाड्यात सुमारे 4200 कोटी अस्थिपेशी गाडलेल्या असतात आणि हाडाला आलेला सूक्ष्म बाक त्यांना कळतो. मात्र त्यांचं समाधान लवकर होतं. रुबिन आणि लॅनियन यांनी 1984 मध्ये पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज मोजून भार दिला. 36 वेळा दिल्यावर हाड वाढलं. 1800 वेळा देऊनही त्याहून जास्त वाढलं नाही. माणूस पक्षी नव्हे, हे खरं. तरी 10,000 फेऱ्यांतल्या बहुतेक हाडाच्या लेखी फुकटच जात असाव्यात.

बैठकीच्या हाडाखालच्या द्रवाच्या पिशवीला असलं समाधान नाही. कडक फळीवर बसून पाय हलवत राहिलं की ती घासते, सुजते. इंग्रजी वैद्यकात या दुखण्याला चक्क विणकराच्या बुडाचं नाव आहे.

खरी हानी यंत्रमागाने केली, आणि ती कानाची. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या तुलनेत ही तीव्रता 1000 कोटी पट! एका कानात संवेदी केसपेशी साधारण 15,000. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार एवढ्या आवाजात दिवसाला 15 मिनिटं पुरे. इचलकरंजी असो वा मालेगाव, 12 तासांची पाळी म्हणजे त्याच्या 48 पट.

कापडाच्या गावात कापसाचे बोळे हाताशी असतात, पण ते आवाज फारसा अडवत नाहीत. फोमचे इअरप्लग नीट बसवले आणि 20 डेसिबल जरी उतरले, तरी त्याच शिफारशीप्रमाणे 12 तासांची पाळी मर्यादेत बसते.