घोड्याबरोबर धावणारा माणूस

माथेरानला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या आल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. घोड्यावर बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावर बाजारातून घेतलेली टोपी, चेहऱ्यावर निम्मी भीती आणि निम्मा रुबाब. फोटोच्या कडेला लगाम धरलेला एक हात दिसतो. मनगटापर्यंत, फार तर कोपरापर्यंत. हाताचा धनी चौकटीबाहेर गेलेला असतो. आमच्या घरच्या आल्बममध्येही असा फोटो आहे, आणि तो मीच काढलेला आहे.

त्या हाताशी माझा संबंध आला तो बँकेमुळे. १९८६ साली माझी बदली माथेरानच्या पायथ्याच्या एका शाखेत झाली. वय सत्तावीस, लग्न नुकतेच झालेले, आणि खिशात एका कादंबरीची पहिली चाळीस पाने. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, शेळ्या, शिलाई मशीन, बैलगाडी असे अर्ज नेहमी येत. डिसेंबरात एक काटक गृहस्थ आले आणि म्हणाले, "सायब, मला घोडं घ्यायचंय."

ते डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर राहणारे धनगर होते. वयाने माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. शाखेत सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. रोज पहाटे ते वाडीवरून पायवाटेने डोंगर चढून जात आणि दुसऱ्याच्या घोड्यामागे धावून रात्री परत उतरत. आता स्वतःचे जनावर घ्यावे असे त्यांच्या मनाने घेतले होते.

आमचा छापील फॉर्म बहुधा पंपसेटसाठी तयार झालेला असावा. 'यंत्राचा अनुक्रमांक' आणि 'अश्वशक्ती' असे दोन रकाने त्यात होते. अश्वशक्तीपुढे मी '१' लिहिले. मॅनेजरसाहेबांनी ते खोडले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. घोडीची किंमत सहा हजार, त्यातले एक तृतीयांश म्हणजे दोन हजार अनुदान, उरलेले चार हजार आमचे कर्ज. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारातून मामांनी घोडी आणली. रंग कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी अंग आणि आयाळ-शेपूट काळी. दात पाहून वय पाच ठरले. अंगावरचे भोवरे मामांनी मला एकेक करून दाखवले. कुठला भोवरा शुभ, कुठला धन्याला खातो, हे सगळे. फॉर्मवर भोवऱ्यांना रकाना नव्हता. विम्यासाठी घोडीच्या कानात पितळी बिल्ला ठोकला गेला आणि बँकेच्या दृष्टीने ती घोडी झाली.

दर तीन महिन्यांनी कर्जदाराची मालमत्ता प्रत्यक्ष पाहून यायची असा नियम होता. माथेरानात मोटारीला बंदी. ती आजही आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि तिथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा नेरळहून येणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. ही गाडी १९०७ साली सर आदमजी पीरभाईंनी सुरू केली. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे चढून आले, तेव्हापासून साहेबांना ही जागा आवडली, असा इतिहास. आमच्या प्रवासभत्त्याच्या बिलात एस.टी. होती, रेल्वे होती, बैलगाडीसुद्धा होती, घोडा नव्हता. त्यामुळे घोडी तपासायला मी पायी जाई.

मामा म्हणत, "चला सायब, फेरीबरोबरच चला. घोडी पण बघाल, वाट पण." पाठीवर मुंबईची एखादी वहिनी घाबरून खोगिराला घट्ट धरून बसलेली असे. लगाम हातात घेऊन मामा डाव्या अंगाने चालू लागत. घोडी दुडक्या चालीवर आली की मामा धावू लागत आणि त्यांच्यामागे मी, हातात बँकेची बॅग घेऊन. "बाजू, बाजू!" असे ओरडत तांबडी धूळ उडवत आमची ही वरात जाई. पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर माझा दम पहिल्याच उतारापाशी संपे. धावता धावता मामा वहिनींना सांगत, "चढाला पुढं वाका, उताराला मागं रेला, रिकिबीत पाय पुरता घालू नका." बोलताना त्यांचा श्वास लागलेला मी कधी ऐकला नाही. एका रविवारी त्यांच्या फेऱ्या मी कागदावर मांडल्या. पंचवीस किलोमीटरांच्या वर हिशेब गेला, शिवाय वाडीहून चढणे आणि उतरणे वेगळेच. कर्जाच्या कागदांत घोडीची किंमत, चंदीचा खर्च आणि नालांचा खर्च सगळे होते. मामांचे पाय कुठेच नव्हते.

आता थोडे त्या दिवसाबद्दल सांगतो, कारण तो पर्यटकाला दिसत नाही. पहाटे चारला तबेल्यात कंदील लागे. आधी पाणी. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर सहज लागते, आणि डोंगरमाथ्यावर पाणी म्हणजे सोने. मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, गवताची पेंढी आणि ते खाऊन होईपर्यंत खरारा. त्यानंतर एकेक पाय मांडीवर घेऊन खुरातले खडे लोखंडी आकडीने काढायचे. महिन्याभरात नाल झिजत, नालबंद आला की ते काम दुपारपर्यंत चाले. उजाडताना घोडी घेऊन मामा निघत, तेव्हा रानात अजून धुके असे. अंजनीच्या फांद्यांना मार्चमध्ये निळी-जांभळी फुले लगडतात, ती वाटेवर सडा टाकून असत. मेअखेर जांभळे पडत आणि घोडी मान खाली घालून एकेक वेचत चाले. मामा मुद्दाम सावकाश चालत. पहिला पाऊस यायच्या सुमारास दरीतून शीळकरी कस्तुराची शीळ येई. कुणी टवाळ पोरगा गाणे आठवायचा प्रयत्न करतोय, अशी ती अर्धवट, लांबच लांब शीळ. "ह्यो बोलला की आपला सीझन संपला," असे मामा म्हणत. मग बरेचसे घोडे घाटाने खाली उतरत. चार महिने वरची वाट ढगांची.

१९८७च्या नोव्हेंबरातल्या तपासणीत घोडीच्या कानात बिल्ला नाही, हे माझ्या लक्षात आले. कानाची पाळ थोडी फाटलेली होती. मामा तिथे नव्हते, घोडी त्यांच्या भावाने दाखवली. मी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिले : 'जनावर सुस्थितीत. टॅग आढळला नाही.' खाली सही. विमा कंपनीला पत्र लिहून नवा बिल्ला बसवून घ्यायचा, हे पुढचे काम माझेच होते. ते उद्यावर गेले. मग वर्षअखेरीची गडबड आली, मग माझ्या कादंबरीचे तिसरे प्रकरण आले.

फेब्रुवारीत घोडीला पोटशूळ झाला. घोड्याची एक अडचण अशी की त्याला ओकता येत नाही. पोटात जे अडकते ते अडकतेच. रात्रभर मामांनी तिला ऑलिम्पियाच्या मैदानात फिरवले. ती लोळायला बघे, आडवी पडू बघे, आणि मामा तिला ओढून चालवत. पशुवैद्य पायथ्याशी, निरोप पोचून ते वर येईतो सूर्य वर आला होता आणि घोडी संपली होती.

विम्याचा दावा नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते : बिल्ल्याशिवाय ओळख पटत नाही. कर्ज शिल्लक दोन हजार आठशे. वसुलीची नोटीस माझ्याच सहीने गेली. दुसऱ्या सोमवारी मामा आले, काउंटरवर चाळीस रुपये ठेवले आणि म्हणाले, "दर सोमवारी देतो. पावसाळा सोडा." पुन्हा दुसऱ्यांच्या घोड्यांमागे धावून ते हे पैसे आणत. मी पावती फाडत असे. रजिस्टरातल्या त्या ओळीबद्दल एकदाही बोललो नाही. पहिल्या सोमवारी बोलायला हवे होते, दुसऱ्या सोमवारी ते जड झाले आणि दहाव्या सोमवारी अशक्य.

१९९०च्या एप्रिलमध्ये खाते बंद झाले. त्याच वर्षी मे महिन्यात दहा हजारांपर्यंतच्या थकीत कर्जांच्या माफीची योजना लागू झाली आणि शाखेसमोर रांगा लागल्या. मामांचे कर्ज त्या नियमांत बसले असते की नसते, हा वेगळा प्रश्न. माझी बदली त्याच महिन्यात झाली.

पुढे माझ्या एका कादंबरीत घोडा आला. समीक्षकांनी त्याला मुक्तीचे प्रतीक ठरवले. मी काही बोललो नाही. असो.

गेल्या काही वर्षांत माथेरानची बातमी पेपरात दिसली की मी ती वाचतो. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, याबद्दल माझ्या मनात तरी दुमत नाही, आणि शाळेत जाणारी मुले व आजारी म्हातारे यांना ई-रिक्षा हवीच. पण ओढणाऱ्याबद्दल बोलून झाल्यावर धावणाऱ्याबद्दल बोलायला कुणी उरत नाही. वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून वाद झाला, तेव्हा ही जाणीव पक्की झाली. तांबडी माती पावसात वाहून जाते हे खरे, पण त्या मऊ मातीत नाल रुततो आणि घोडा पाय रोवून उतरतो. गुळगुळीत ठोकळ्यांवर लोखंडी नाल घसरतो, ही घोडेवाल्यांची तक्रार. घोडा घसरला की त्याच्या डाव्या अंगाला कोण असतो, हे मला ठाऊक आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात मी एकटाच गेलो. दस्तुरीपासून चालत निघालो. गुडघा कुरकुरत होता, पण घोड्यावर बसणे मनाला पटेना. बाजारात चौकशी केल्यावर मामांचा नातू भेटला. वीस-बावीस वर्षांचा, पायात चांगले स्पोर्ट्स शूज. आता दोन घोडे स्वतःचे. मामा वाडीवर नव्हते, वर तबेल्यामागच्या खोलीतच राहत होते. "गुडघे गेलेत त्यांचे, खाली-वर होत नाही," नातू म्हणाला.

मामांनी मला ओळखले ते आवाजावरून. चहा झाला. तबेल्यातल्या लिदीचा आणि ओल्या गवताचा तोच वास. मी सदतीस वर्षे पाठ केलेले बोलून टाकले. बिल्ला नाही हे मी तीन महिने आधी पाहिले होते, लिहिले होते आणि पुढे काही केले नव्हते. ते चाळीस रुपये माझ्यामुळे होते.

मामा बराच वेळ बाहेर बघत होते.

"बिल्ला मीच काढलेला, सायब," ते म्हणाले. "कान पिकला व्हता. माश्या बसायच्या, डोकं आपटायची बिचारी. पकडीनं काढला. बँकेला कळलं तर घोडी नेतील म्हणून बोललो नाय. तुम्ही तपासणीला येताय हे कळलं, म्हणून त्या दिवशी भावाला पुढं केला, मी जांभळीमागं उभा."

"मग दर सोमवारी काउंटरवर…"

"मला वाटायचं तुम्हाला म्हाईत हाय, आन तुम्ही सांभाळून घेताय."

आम्ही दोघेही हसलो नाही. त्यांनी नातवाला हाक मारून अजून चहा सांगितला. मग घोडीची गोष्ट निघाली. जांभळे वेचायची, कस्तुर बोलला की कान टवकारायची, एकदा एका वकिलाला घेऊन सरळ तबेल्यातच शिरली होती. दर सोमवारच्या चाळीस रुपयांचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना मी एवढेच विचारले की नातवाच्या घोड्यांचे विमे आहेत का. "हायेत," मामा म्हणाले, "पर तू एकदा बघून जा." आयुष्यात पहिल्यांदा ते मला 'तू' म्हणाले. मी चष्मा लावून कागद वाचले. ठीक होते.

नातू दस्तुरीला फेरी आणायला निघाला होता, मी त्याच्याबरोबर उतरलो. रिकाम्या घोड्याबरोबर तो माझ्यासाठी चालत होता, मधूनच सवयीने धावू लागे आणि पुन्हा थांबे. वाटेत एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेले, घोड्याने वरही पाहिले नाही. ठोकळ्यांचा पट्टा लागला तसा नातवाने लगाम आखूड धरला आणि घोड्याला कडेच्या मातीवर घेतले.

"रोज किती धावतोस रे?" मी विचारले.

त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पावले मोजणारे काहीतरी त्यात होते. दुपारचे तीन वाजले होते आणि आकडा होता एकतीस हजार चारशे.

"अजून दोन फेऱ्या आहेत, आजोबा," तो म्हणाला.