सरस कोणी उकळला?

अजिंठ्याच्या चित्रांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. त्यात पद्मपाणीच्या डोळ्यांतील करुणा असते, राजवाडे असतात, दागिने असतात. भिंत मात्र क्वचितच येते. रसायनशास्त्रज्ञ भिंतीपासून सुरुवात करतो. गळून पडलेला कपचा तो राळेत बसवतो, आडवा कापतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. मग थर दिसतात. आत चिखलाचा गिलावा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, सर्वांत वर रंग. चिखलात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू आढळतात. कुडाच्या घराला जे लिंपण लागते, त्याच जातीचा हा माल आहे.

रंग कोणता, हे क्ष-किरणांनी कळते. प्रत्येक खनिज ते किरण आपापल्या ठरावीक कोनांत विखुरते. तांबडा म्हणजे गेरू. पिवळी मातीही लोहाचीच, फक्त तिच्यात पाण्याचा अंश असतो. काळा रंग काजळीचा. हिरवी माती दख्खनच्या काळ्या कातळातील पोकळ्यांतूनच मिळते. असे हे पायाखालचे रंग. निळा तेवढा परका. तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतला. लेणी ९ व १० मधील इसवी सनापूर्वीच्या चित्रांत तो नाही. पाचव्या शतकातील वाकाटककालीन चित्रांत आहे. दात्यांची ऐपत कुठवर पोचली होती, ते या एका रंगावरून समजते.

परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. रंग भिंतीला धरून राहिला कशाने? ओल्या चुन्यावर रंगवले तर चुनाच रंग पकडतो. अजिंठ्यात गिलावा वाळल्यावर रंगवले आहे. मद्रासच्या संग्रहालयातील रसायनशास्त्रज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात तपासणी करून हे दाखवले, आणि रंग बांधणारे द्रव्य सरस असल्याचा निष्कर्ष काढला. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडे उकळून काढलेला चिकट रस. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत उकळण्याची कृती आहे. त्या पदार्थाचे नाव 'वज्रलेप'! कातड्याला संस्कृत नाव मिळाले. कातडे सोलणाऱ्याला या समाजाने काय दिले, ते या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

लेणे १६ मधील लेख वराहदेव या अमात्याचे नाव सांगतो, २६ मधील लेख भिक्षू बुद्धभद्राचे. हे दाते. चिखल मळणारे, सरस उकळणारे या लेखांत येत नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा रंगाच्या थरातच आहे, आणि तो नाशवंत आहे. सरस हे प्रथिन. बुरशी आणि कीड त्यावर जगते. आज सूक्ष्म कणातील प्रथिनावरून सरस गोवंशाचा की शेळीमेंढीचा, हेही ओळखता येते. अडचण एवढीच, की निजाम सरकारने १९२०च्या सुमारास आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचे रोगण फासले. ते पिवळे, काळपट पडले. जाणकार म्हणवणाऱ्यांनी कित्येक वर्षे त्याच काळोखीला प्राचीनतेचे तेज समजून दाद दिली! सरसापर्यंत पोचायचे तर आधी ही लाख बाजूला करावी लागते.