गाडी ओढेना म्हणून लगेच पंप खोलू नका

लोणी भापकर, मोरगाव, सुपे या जिरायती पट्ट्यात जुन्या डिझेल पिकअप अजून रोजच्या कामात आहेत. कांदा लोणंदला, माळवं पुण्याच्या मार्केट यार्डात आणि येताना खत नाहीतर पेंड. अशी भरलेली गाडी दिवे घाटाच्या चढाला एकाएकी ओढेनाशी होते. तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला गिअर, आणि तरीही गाडी रांगतेच. मग शेजारी उभा राहणारा प्रत्येक जण निदान सांगतो आणि त्यातली बरीचशी निदानं मालकाला खड्ड्यात घालणारी असतात.

सगळ्यात महाग पडणारा समज म्हणजे “इंजिन बसलं, रिंग-पिस्टन गेलं”. रिंगा आणि लायनर एका दिवसात झिजत नाहीत. ती झीज महिनोन्‌महिने आधी सांगत असते: सकाळी गाडी उशिरा सुरू होते, ऑईल कमी होत जातं, ऑईल भरायचं झाकण काढलं की तिथून धूर फुंकल्यासारखा येतो. काल ठणठणीत असलेली गाडी आज दुपारी ओढेना, तर दोष बहुतेक वेळा डिझेलच्या नाहीतर हवेच्या वाटेत असतो. कुठल्या वाटेत, ते धूर सांगतो.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी ओढत नाही आणि काळा धूरही नाही, तर आधी डिझेल कमी पोचतंय असं धरा. पॉवर नाही आणि मागे काळ्या धुराचा लोट, तर हवा कमी पडतेय असं धरा. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा इंजिनात शिरलेलं पाणी, निळसर म्हणजे ऑईल जळतंय. एवढं बघितलं तरी अर्धं काम होतं.

काळा धूर दिसला की “डिझेल जास्त येतंय, पंप कमी करा” असं सांगणारे भेटतात. इथे जरा हिशेब करा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान 12 किलो हवा लागते, म्हणजे सुमारे 10,000 लिटर. आपल्याकडची मातीची वाट, उन्हाळ्यातला फुफाटा आणि उसाच्या हंगामातली वाहतूक यांतली सगळी धूळ त्या हवेबरोबर एअर फिल्टरवर येऊन बसते. टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक जागा बघायची: टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणारा रबरी होज. तो खालच्या बाजूने चिरतो किंवा त्याची क्लिप सैल होते. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते, लोडवर दाब आला की उघडते आणि फुस्स आवाज येतो. होजच्या खाली ऑईलचा ओला डाग दिसला तर तिथेच नीट हात फिरवा, अर्थात इंजिन बंद करून. चिरलेला होज बदलण्याच्या कामाला लोक “टर्बो गेला” म्हणून नवा टर्बो घालतात, याचं फार वाईट वाटतं.

आता डिझेलच्या वाटेकडे. “कुठे गळत नाही, म्हणजे पाइप चांगला आहे” हे सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा असतो. तिथे फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत गाडीने एअर धरलेली असते. वाळलेला रबरी पाइप, पुन्हा वापरलेला तांब्याचा वायसर, फिल्टरच्या बोल्टखालचं चपटलेलं रबर ही त्याची नेहमीची ठिकाणं. तपासायला सोपा मार्ग आहे: फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडायची आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे दिसतात का ते बघायचं.

“थांबवली की परत नीट चालते, म्हणजे गरम होतेय” हाही असाच समज. गरम होत असेल तर काटा सांगेल. काटा जागेवर असेल, तर टाकीच्या झाकणाचं किंवा व्हेंट नळीचं भोक बुजलंय का बघा. डिझेल जितकं कमी होतं तितकी हवा टाकीत आली पाहिजे. ती आली नाही तर आत निर्वात होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. दहा मिनिटं उभी केली की हवा हळूहळू शिरते आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते. पॉवर गेली त्याच क्षणी बाजूला घेऊन झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि गाडी ओढायला लागली, तर दोष सापडला. त्या नळीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घरही निघू शकतं. टाकीतल्या जाळीला चिकटणारा गाळ किंवा प्लॅस्टिकचा तुकडाही नेमकी हीच लक्षणं देतो, कारण इंजिन बंद झालं की तो सुटून खाली पडतो.

“फिल्टर मागच्याच महिन्यात बदललाय” हे उत्तर पुरेसं नाही. ट्रॅक्टरसाठी घरात ठेवलेल्या बॅरलच्या तळाचं डिझेल एकदा गाडीत ओतलं, की नवा फिल्टरही चोक होतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्या आणि ठेवून द्या. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी.

सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांमुळे इथेनॉल हा आपल्याकडे घरातला विषय. त्यातून “आता डिझेलातही इथेनॉल आहे, त्यानेच पंप बसले” असं बोललं जातं. 20 टक्क्यांचं मिश्रण पेट्रोलमध्ये आहे, डिझेलमध्ये नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलात गंधक 10 पीपीएमच्या आत आहे हे खरं, पण पंपाला लागणाऱ्या वंगणाची मर्यादा भारतीय मानकातच ठरलेली आहे. उलट डिझेलात रॉकेल मिसळलं तर ते वंगण कमी होतं आणि पंप खरोखर झिजतो.

काही वेळा इंजिनाचा दोषच नसतो. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लगेच अडते आणि एकच ड्रम भाजण्याइतका तापलाय, तर ब्रेक धरलाय. ॲक्सिलरेटरची केबल ताणली असेल, तर पाय तळाला टेकूनही पंपाचा लिव्हर पूर्ण जात नाही. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. आणि 2,000 लिटर पाण्याची टाकी म्हणजे टाकीचं वजन सोडून दोन टन. आरसी बुकात किती वजन लिहिलंय ते एकदा वाचा.

एक धोक्याची गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत, ज्याला मिस्त्री अजून मायकोचा पंप म्हणतात, एकेका नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही ते ओळखायची रीत आहे. कॉमन रेल गाडीत ती कधीही करू नका. तिथे दाब 1,000 बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. अशा गाडीला स्कॅनर लावावा, पण स्कॅनर कोरा आला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. झाकणाचं बुजलेलं भोक त्याला दिसत नाही.

काटा लालवर गेला, ऑईलचा दिवा लागला किंवा इंजिनात ठोके ऐकू आले, तर तपासत बसू नका, तिथेच बंद करा.

बाकी वेळी गॅरेजला जाताना तीन गोष्टी मिस्त्रीला सांगा: पॉवर कधी गेली, धुराचा रंग कोणता होता, थांबल्यावर परत आली का. आणि पंप खोलायला हो म्हणण्याआधी झाकण, जाळी, पाइप, दोन्ही फिल्टर आणि होज तुमच्यासमोर बघून घ्यायला लावा.