अंगणातलं धरण

लोणावळ्याच्या वळवण धरणातलं पाणी आपल्या उताराने गेलं असतं, तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी ते पश्चिमेला वळवलं. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि १९१५ पासून हे पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, खोपोलीला उतरून मुंबईच्या गिरण्या चालवू लागलं. मागणी आली की झडप उघडायची, नसली की पाणी थोपवायचं. म्हणजे वीज साठवणं मावळाला शंभर वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे, फक्त ती साठवण मुंबईसाठी होती. आता मावळातल्याच शिरोता धरणावर १८०० मेगावॉटची योजना ठरली आहे. खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं, म्हणजे चक्क धरण चार्ज करायचं!

हीच साठवण आता विजेवरच्या गाडीच्या रूपाने घरच्या अंगणात आली आहे. हजार लिटर पाणी ५०० मीटर उतरलं की तोटा वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज मिळते. नेक्सॉनसारख्या गाडीच्या बॅटरीत साधारण ४० युनिट मावतात. तेवढ्यासाठी घाटातून ३५ हजार लिटर पाणी सोडावं लागेल, दहा हजारी टँकर साडेतीन! गाडीत मात्र काही कोसळत नाही, काही जळत नाही. लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांतून निघून लोह-फॉस्फेटच्या जाळीत जाऊन बसतात, त्यांचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वळसा घालून तिथे पोचतात, आणि त्या वळशात गाडीला जोडलेला तुमचा फ्रिज चालतो. चार्जिंगला लावलं की सगळे माघारी. हजारो वेळा. मला तर हे घाटातल्या पाण्याइतकंच थक्क करतं.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मावळात खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात तारेवर फांदी पडते, डीपीवरचा फ्यूज उडतो आणि लाईट जाते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी दीडेक युनिट देते. दोन पंखे, चार बल्ब आणि वायफायवर रात्र निघते. गाडीतले ३० युनिट वापरले, तर तेवढंच सगळं फ्रिजसकट पाच दिवस चालेल. २०२३ पासून नेक्सॉनमधून अशी ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते. विहिरीच्या मोटरीला मात्र सुरू होताना कितीतरी पट करंट लागतो, त्यामुळे तिथे गाडी हात टेकू शकते.

एक गोष्ट जिवाची आहे. गाडीची वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसून सगळं घर उजळवायचा मोह होतो. ते कधीही करू नका. वीज मीटरमधून उलटी डीपीपर्यंत जाते. तिथला जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, तोच उलट्या दिशेने आपले २३० व्होल्ट चढवून ११ हजार करतो. लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखाली तार जिवंत होते. म्हणून एक तर फ्रिज, पंखा थेट गाडीच्या एक्स्टेंशनवर लावायचा, किंवा इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा. तो एका वेळी एकाच बाजूला जोडला जातो: लाईनला किंवा गाडीला.

याच कारणाने गच्चीवरचं लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर, लाईट गेली की भर उन्हातही आपोआप बंद पडतं. घरात बॅटरी आणि लाईनपासून घर तोडणारी यंत्रणा असेल, तरच ते चालू राहतं. पण लोणावळ्याच्या आषाढात ऊन तरी कुठलं? इथे गाडीची बॅटरी भरायची ती लाईनवरच, पावसाचा ऑरेंज अलर्ट आला त्या संध्याकाळी. आणि फ्रिज कितीही मागो, गाडीत तळेगावच्या दवाखान्यापर्यंत जाऊन यायला पुरेल एवढं चार्जिंग राखूनच ठेवायचं.